साडेतीन मिलिलिटर

पन्नास पाणी, पन्नास अल्कोहोल,
बेरीज साडेशहाण्णव.
ऑडिटला आलेल्या साहेबांनी मापनळी खिडकीशी धरली,
डोळा रेघेच्या पातळीला आणला
आणि मग तोच डोळा भरमाण्णाकडे वळवला.

टिळकवाडीतलं कॉलेज, तळमजल्यावरची प्रयोगशाळा.
स्पिरिटच्या रजिस्टरात सव्वीस वर्षं त्याचंच अक्षर,
तारीख मराठीत, सही कन्नडमध्ये.
शिल्लकेला तो शिल्कु म्हणायचा,
दोन्हीकडे आकडा तोच यायचा.
मला ओतून देताना पुरेसं झालं की
बाटली उभी करायचा: "साकु."
त्याच्या साकुनंतर मी कधी थेंबही मागितला नाही.

"प्यायलास का" असं साहेब म्हणाले नाहीत.
धारवाडचे होते, आमच्याशी इंग्रजीतच बोलत.
"घट कशी?" एवढंच.
भरमाण्णा त्यांना काही बोलला नाही. मला म्हणाला,
"मिसळल्यावर आत बसतंय की ओ, बाई.
जोंधळ्याच्या पोत्यात राळं ओतल्यागत."

माझ्या वहीत तेव्हा टर्शरी ब्युटाइल क्लोराइड होतं.
नुसत्या पाण्यात विसेक सेकंदांत ते अर्धं मोडेल,
पण पाणी त्याला आत घेत नाही,
थेंब गोळा होऊन वरच तरंगतो,
चपला हातात धरून उभ्या पाहुण्यासारखा.
अल्कोहोल लगेच घरात घेतं.
मग तीन महिने गेले तरी
निम्मं तसंच.

निम्मंनिम्मं मिसळा:
खडे बाजारातून गाळणकागद घेऊन येईपर्यंत अर्धं संपलेलं.
ऐंशीला वीस करा:
घरी जा, जेवा, झोपा, उठून या,
अजून वाट बघा.

बंध ताणला जातो, क्लोरीन निघायच्या बेतात असतो,
तेव्हा त्याच्याभोवती कोण किती दाटीनं उभं राहतं
हे बाटलीवरच्या टक्केवारीला माहीत नसतं.
पाणी आपल्या वाट्यापेक्षा जास्त जमतं तिथे.
मी हे वाचलं होतं. दिसलं कधीच नाही.
दिसायचा फक्त गुलाबी रंग,
येणारा, जाणारा, ब्युरेटखाली.

शिवलीला हुक्केरी पाण्याची टाकी सांभाळायची:
पंचवीस अंश, तीस, पस्तीस, चाळीस.
लाइट गेली की शिवी कन्नडमध्ये, माफी मराठीत.
चार महिन्यांनी आलेख काढला.
चढ किती, त्याची रेघ
पाणी वाढेल तशी नीट उतरत गेलेली,
कुणी पट्टी लावून ओढावी तशी.
पण त्याच चढाचे दोन भाग केले
तर उष्णतेचा वाटा पाण्याच्या बाजूला
अचानक विहिरीत पडल्यासारखा खाली,
आणि पुन्हा वर.
एन्ट्रॉपी त्याच विहिरीत, त्याच पायऱ्यांनी.
एकीनं वाचवलेलं दुसरीनं खर्चून टाकलं,
म्हणून बाहेर रेघ सरळ.

मला वाटलं, चुकलं.
बसरगी मॅडमनी चष्मा काढला, कागद जवळ धरला.
"चुकलं नाही," म्हणाल्या,
"विहीर आहे तिथे. काठ सपाट दिसतो, एवढंच."
रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर
शिवलीला नि मी त्या वाक्यावर बोललो नाही.
कुंद्याचा पुडा होता, तो संपवला.

पण साहेब अजून खिडकीपाशीच आहेत.
मी दोन मापनळ्या घेतल्या,
पन्नास, पन्नास, त्यांच्यासमोर भरल्या,
एका चंबूत ओतल्या, बूच लावलं, हलवलं
आणि चंबू त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी हात मागे घेतला नाही.
काचेतून ऊब आली असणार.
दोन्ही गार होती ना, असं काहीतरी ते पुटपुटले.
निवल्यावर मोजलं: साडेशहाण्णव.

रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून राहिले.
मग लिहिलं: घट मान्य. कारण, मिश्रण.
वही भरमाण्णाकडे सरकवली.
त्यानं सही केली, शाई फुंकली,
वर न बघता विचारलं, "साकु?"

साहेब दिवसभरात पहिल्यांदा हसले.
"साकु," म्हणाले.